जुना तडा, नवा पूर : विम्याचा दावा करायचा की नाही?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं. त्याच पुरात सावित्रीने महाड बुडवलं. तेव्हापासून कोकणात पावसाळा तोंडावर आला की घराच्या विम्याची चर्चा सुरू होते. पण विमा घेणं वेगळं आणि वेळ आल्यावर दावा करणं वेगळं.

मागच्या पावसाळ्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील फॉर्म घेऊन शाळेत आले. "सर, जरा लिहून द्या." गृहकर्जासोबत विमा निघाला होता, पण पॉलिसीचा कागद त्यांनी कधी उघडूनही पाहिला नव्हता. घरात गुडघाभर पाणी आलं होतं. वायरिंग जळली, कपाटं फुगली, खालचं प्लास्टर सुटलं. पण मागच्या भिंतीला एक मोठा तडा होता. तो चार वर्षांचा जुना. एजंट म्हणाला होता, "सगळं पुरातच गेलं असं लिहा, कोण बघतंय?" घरून मात्र उलटाच सल्ला : "जुनं घर आहे, चौकशी मागे लागेल, दावाच नको."

माझ्या मते दोन्ही सल्ले चुकीचे होते.

आधी पॉलिसी काय म्हणते ते पाहू. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सर्व जनरल इन्शुरन्स कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी देणं बंधनकारक केलं आहे. आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड कोसळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात येतं. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं, त्यातून पडणारे तडे, निकृष्ट माल किंवा कच्चं काम यातून खचलेली भिंत, हे येत नाही. साधी गोष्ट आहे : विमा अचानक आलेल्या संकटाचा असतो, राहून गेलेल्या दुरुस्तीचा नसतो.

म्हणून दाव्याआधी नुकसानीचे तीन भाग करा. पहिला, पॉलिसी घेण्याआधीचं किंवा हळूहळू झालेलं नुकसान. त्यावर दावा करू नका. दुसरा, याच पुरात किंवा वादळात झालेलं नुकसान. ते निःसंकोच मागा, तो तुमचा हक्क आहे. तिसरा भाग अवघड : तडा जुना, पण पुराने भिंत आणखी खचली. इथे तडा जुना होता हे स्वतःच लिहा आणि वाढलेल्या नुकसानीपुरतंच मागा. किती जुनं, किती नवं, ते सर्वेअर ठरवेल.

खोटं लिहिण्याचा धोका मोठा आहे. दाव्यातला काही भाग खोटा निघाला तर खरा भागही हातचा जाऊ शकतो आणि पॉलिसीही रद्द होऊ शकते. आणि आपल्या घरांत तर हा केवळ कायद्याचा प्रश्न नाही. सही म्हणजे गवाही. मुलांना घरी एक शिकवायचं आणि फॉर्मवर दुसरं लिहायचं, हे कसं चालेल?

पण कंपन्यांनाही एक प्रश्न विचारला पाहिजे. छोट्या घराची पॉलिसी विकताना भिंती बघायला सहसा कुणी येत नाही. दावा आला की मात्र तडा मोजला जातो. तेव्हा हे लक्षात ठेवा : नुकसान अपवादात मोडतं हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीची असते, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा सांगितलं आहे. "घर जुनं आहे" एवढंच कारण पुरेसं नाही.

आपल्या हातात आहे ते आपण करावं. पावसाळ्याआधी घराचे, तड्यांसकट, तारखेचे फोटो काढून ठेवा. दुरुस्तीची बिलं जपा. नुकसान झालं की कंपनीला लगेच कळवा आणि फॉर्म ३० दिवसांच्या आत द्या. सर्वेअर येण्याआधी तुटलेलं सामान फेकू नका. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत जवळ ठेवा, पण तो झाला म्हणजे विम्याचा दावा झाला असं समजू नका. दावा नाकारला तर कारण लेखी मागा, आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.

त्या भाईजाननी शेवटी फॉर्ममध्ये लिहिलं : "मागच्या भिंतीचा तडा आधीचा आहे, त्याचे पैसे मागत नाही." सर्वेअरने तो भाग वगळला, वायरिंग, कपाटं आणि प्लास्टर धरलं. एजंटने सांगितलेल्या आकड्यापेक्षा रक्कम बरीच कमी आली. तडा त्यांनी उन्हाळ्यात स्वतःच्या पैशाने बुजवला आणि त्याचा फोटो मला पाठवला. खाली तारीख होती.