ढग, मारुती आणि एक निरोप



आषाढ लागला की आपले डोळे आभाळाकडे लागतात. त्याच आषाढाच्या ढगावर कालिदासाने एक प्रेमकाव्य रचले, ‘मेघदूत’. संस्कृतातले काव्य, त्यात आपले काय काम, असे मनात आणू नका. त्याची किल्ली तुमच्याच घरात आहे.

गोष्ट अशी. कुबेराचा सेवक असलेला एक यक्ष कामात चुकला. धन्याने त्याला वर्षभर घरापासून दूर घालवले. तो रामगिरीवर येऊन राहिला. हा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे आपले रामटेक, असे बरेच अभ्यासक मानतात. बायको मात्र दूर हिमालयात, अलका नगरीत. आठ महिने कसेबसे गेले, चार उरले. विष्णू शेषशय्येवरून उठेल तेव्हा, म्हणजे कार्तिकी एकादशीला, शाप संपणार. आषाढी ते कार्तिकी हे चार महिने किती लांब असतात, हे तुम्हाला सांगायला नको.

अशा वेळी डोंगराला टेकलेला ढग यक्षाला दिसतो आणि तो त्यालाच निरोप्या करतो.

आता किल्ली पाहा. यक्ष ढगाला सांगतो की, तू बोलू लागलास म्हणजे सीतेने मारुतीकडे पाहावे तशी ती मान वर करून तुझ्याकडे पाहील. साऱ्या काव्याचा आधार ही एक उपमा आहे. यक्षाच्या जागी राम ठेवा, त्याच्या बायकोच्या जागी अशोकवनातली सीता आणि ढगाच्या जागी मारुती. मारुती वायुपुत्र, ढगही वाऱ्यावर चालणारा! रामगिरीचे पाणी सीतेच्या स्नानाने पावन झाले, असे कवी पहिल्याच श्लोकात सांगतो, ते उगाच नव्हे. मल्लिनाथ या जुन्या टीकाकारानेही हे नाते दाखवले आहे.

मारुतीजवळ रामाची अंगठी होती. ढगाजवळ काय देणार? यक्ष खूण म्हणून एक आठवण देतो. एकदा ती झोपेतून रडत उठली होती. त्याने पुन्हा पुन्हा विचारले, तेव्हा मनात हसत तिने सांगितले की, स्वप्नात तो दुसरीबरोबर दिसला. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक. रामायणात सीताही मारुतीजवळ चित्रकूटावरच्या कावळ्याची गोष्ट अशीच खूण म्हणून सांगते.

कालिदास शेतकऱ्यालाही विसरलेला नाही. पीक ढगाच्या हाती, म्हणून वाटेतल्या खेड्यांतल्या साध्याभोळ्या बायका त्याच्याकडे मायेने पाहतील, नुकत्या नांगरलेल्या माळाला वास सुटेल, असे यक्ष सांगतो. एक धन्याच्या निरोपासाठी वर पाहते, दुसरी पावसासाठी. ढग तोच.

शेवटी यक्ष ढगाला शुभ चिंतितो: तुझी आणि विजेची क्षणभरही ताटातूट न होवो. वीज ही ढगाची बायको. ताटातुटीचे दुःख भोगणाराच असे मागू शकतो.

तुमच्या घरातले कोणी फौजेत किंवा शहरात कामाला असेल. फोनवर खत, बियाणे आणि पैशांचे बोलणे व्हायचेच. पण त्यात एखादी दोघांचीच आठवण निघाली, तर अंगठी पोचल्यासारखे होते.

शांता शेळके यांनी ‘मेघदूत’ सुंदर मराठीत आणले आहे. वाचनालयात मिळाले तर यंदाच्या आषाढात घरात मोठ्याने वाचा. ज्यांना रामायण ठाऊक आहे, त्यांना ते परके वाटणार नाही.