ऊन मावळल्यावर

कडाक्याच्या थंडीत हरभऱ्याचे ओलित करायला वऱ्हाडातला शेतकरी मध्यरात्री उठतो, कारण त्या आठवड्यात वीज रात्रीची असते. पायाखाली साप आहे की दोर, हे बॅटरीच्या उजेडात पाहायचे! शेतीला दिवसा सौरवीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली ती याच जाचावर उपाय म्हणून. वऱ्हाडच्या उन्हाचे यापरते चीज कोणते?

पण ऊन मावळते, नेमके तेव्हाच अमरावती-अकोल्यात घरोघरी दिवे आणि कूलर लागतात. पावसाळ्यात झड लागली की चार-चार दिवस सूर्यदर्शन नाही. बॅटऱ्या काही तास निभावतील, पुढे काय? पारसच्या केंद्रातला कोळशाचा बॉयलर एकदा थंड झाला की पुन्हा तापायला कित्येक तास घेतो. वायूवरचे टर्बाइन त्या मानाने चटकन सुरू होते. उन्हाला अडीअडचणीचा सोबती म्हणून ते शोभते.

मात्र यंत्र असून भागत नाही, वायू हवा. उरणचे ६७२ मेगावॉटचे केंद्र वायूच्या तुटवड्यामुळे वर्षानुवर्षे क्षमतेपेक्षा कमी चालत आले. दाभोळचा १,९६७ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ नंतर दोनेक वर्षे वायूअभावी ठप्प होता. तारा होत्या, टर्बाइने होती. वायूचा पत्ता नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासने तर दुहेरी फटका खाल्ला. थंडीने वायू आटला म्हणून वीज गेली आणि वीज गेली म्हणून वायूचे पंप थांबले!

हे आपण का लक्षात घ्यायचे? मुंबई-नागपूर वायुवाहिनी समृद्धी महामार्गाच्या कडेने अमरावती जिल्ह्यातून गेली आहे. तिचा उपयोग चुली आणि वाहनांपुरताच ठेवायचा, की विजेच्या नियोजनातही तिला धरायचे? आयातीचा वायू महाग. तो रोज जाळणे परवडणारे नाही. पण झडीच्या दिवसांसाठी किती वायू राखायचा, हे सौरप्रकल्प उभारतानाच ठरले पाहिजे. गोठ्यातले शेण आणि भाजीबाजारातला कचरा यांचा वायू शुद्ध करून त्याच वाहिनीत सोडता येतो. २०१८ पासून केंद्राची ‘सतत’ योजना अशा वायूला उत्तेजन देते आहे.

आज वीज एका खात्याची, वायू दुसऱ्याचा. दोघांनी एका टेबलाशी बसून हिशेब मांडला नाही, तर दिवसा मिळालेले सुख संध्याकाळी अंधारात जाईल. ज्याने वर्षानुवर्षे रात्री ओलित केले, त्याच्या लेकरांच्या अभ्यासाच्या वेळी दिवा विझू नये, एवढे तरी नियोजन व्हायलाच हवे.