दिवाळसण आणि टीव्ही





हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी होऊन गेलेली असेल. आकाशकंदील उतरलेले असतील आणि माहेरी आलेल्या पोरी सासरी परतलेल्या असतील. त्यातल्या काही जणी रिकाम्या हातानं परतल्या म्हणून बोलणी खात असतील. विषय शिळा नाही तो एवढ्यासाठीच.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी, १६ ऑक्टोबर २०२५ ला, अमरावतीत आम्ही चौघी आणि अकोल्यात तिघी सकाळी सातपासून रात्री साडेदहापर्यंत टीव्हीसमोर बसलो. अर्थात आळीपाळीनं. हातात एक तक्ता होता: कोण उभं, कोण बसलेलं, कोण बोलतं, कोण ऐकतं, पैसे कोण देतं. दोन्ही गावांत वाहिन्या वेगवेगळ्या लावायच्या आणि रात्री फोनवर ताळा करायचा, असं ठरलं होतं.

सकाळ धनत्रयोदशीच्या मुहूर्तात गेली आणि दुपार चकलीच्या भाजणीत. जाहिरातींत अभ्यंगस्नान चालू होतं. पाटावर मुलगा, नवरा, सासरा; उटणं लावणारे हात मात्र दर वेळी बाईचे. पहाटे चारला उठून पाणी कोणी तापवलं हे जाहिरात सांगत नाही. आमच्या तक्त्यातला 'बसलेली बाई' हा रकाना दुपारपर्यंत जवळपास रिकामा राहिला. 'पैसे देणारी बाई' हा तर रात्रीपर्यंत कोराच. तोळ्याचा भाव लाखाच्या वर गेलेला असताना पडद्यावरचा प्रत्येक नवरा सहज खिशातून दागिन्याची डबी काढत होता, आणि बायको डोळ्यांत पाणी आणत होती.

यात नवं ते काय, असं म्हणाल. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि बायकांसाठीच्या कार्यक्रमाला नाव मिळालं 'सुंदर माझं घर'. १९८२ साली नेमलेल्या पी. सी. जोशी समितीनं आपल्या अहवालात स्पष्ट म्हटलं होतं की स्त्रियांचा प्रश्न फक्त महिलांच्या कार्यक्रमात कोंडून ठेवू नका, तो सगळ्याच कार्यक्रमांत आला पाहिजे. १९८५ साली प्रिया तेंडुलकरांची 'रजनी' रस्त्यावर उतरून जाब विचारत होती. चाळीस वर्षांनी आमच्या तक्त्यातली बाई पुन्हा गॅसच्या ओट्याशी उभी आहे, तीही जरीच्या साडीत. संध्याकाळी सोयाबीनच्या सोंगणीवरून आलेली एक बाई आमच्याजवळ टेकली आणि दहा मिनिटं पाहून म्हणाली, "काऊन वो ताई, ह्या बाया रांधाले बी शालूच नेसतेत का?" आमच्या दिवसभराच्या तक्त्यापेक्षा ही टिपणी सरस, हे मान्य करायलाच हवं.

पण तीच बाई पुढे दीड तास जागची हलली नाही. चळवळीत आम्ही वर्षानुवर्षं 'टीव्ही बंद करा' म्हणत आलो. तिच्या दिवसात पाठ भिंतीला टेकते ती एवढा वेळच. तो काढून घेऊन आपण तिला काय देणार आहोत? शिवाय मालिका पाहून बायका गप्प बसतात असंही नाही. २०१६ ते २०२१ या काळात 'माझ्या नवऱ्याची बायको' चालली. तिच्यातली राधिका नागपूरची, आपल्याकडच्या बोलीत बोलणारी, आणि त्या बोलीपायी नवऱ्याला गावंढळ वाटणारी. एरवी पडद्यावर वऱ्हाडी बोलतो तो गडी किंवा विनोदी पात्र. इथे नायिका बोलत होती, नवऱ्याला जाब विचारत होती आणि मसाल्याचा धंदा उभा करत होती. त्या वर्षांत केंद्रावर येणाऱ्या काही जणी आपली गोष्ट 'त्या राधिकेसारखं' अशी सुरू करायच्या. जे शब्द त्यांना सापडत नव्हते ते मालिकेनं दिले, ही गोष्ट आपल्या सिद्धांतात बसो वा न बसो.

मालिकेनं दिलं नाही ते दुसरंच. त्या रात्री आम्ही पाहिलेल्या एका मालिकेत सुनेला ऐन सणात घराबाहेर काढलं. ती एक पिशवी घेऊन पावसात उभी. अख्ख्या भागात एकाही पात्राला आठवलं नाही की २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याच्या कलम १७ नं तिला त्या घरात राहण्याचा हक्क दिला आहे, घर कोणाच्याही नावावर असो. संरक्षण अधिकारी नाही, १८१ हा फोन नाही. होता तो फक्त पाऊस.

आणि आता दिवाळसण. त्या दिवशी दोन्ही गावांत मिळून सगळ्यात जास्त दिसला तो पहिल्या दिवाळीला आलेला जावई. कुठे त्याला अंगठी, कुठे गाडीची किल्ली. सासरे हसतायत, लेक लाजतेय, मागे सनई. हुंडा हा शब्द कोणी उच्चारत नाही. 'प्रेमानं दिलं' म्हणतात.

त्याच आठवड्यात अकोला जिल्ह्यातल्या एका गावातली मुलगी तिथल्या मैत्रिणींकडे आली होती. लग्नाला वर्षही झालेलं नाही. सासू थेट काही मागत नाही, टीव्ही लागला की नुसती म्हणते, "पाह्य, तिच्या बापानं काय देल्लं." बापाचं पाच एकर कोरडवाहू. सोयाबीनचा हमीभाव २०२५-२६ साठी क्विंटलला ५,३२८ रुपये. पण सरकारी खरेदी सुरू व्हायच्या आतच दिवाळी आली. त्यानं ओलसर माल बाजारात पडेल त्या भावानं विकला आणि अंगठी केली. हमीभावाखालचा तो फरक कुणाच्या बोटात आहे, हे सनईच्या आवाजात ऐकू येत नाही. मुलगी एवढंच विचारत होती की पुढच्या दिवाळीला काय मागतील.

१९६१ चा हुंडाबंदी कायदा आपण सगळ्याजणी जाणतो. केबल टेलिव्हिजनच्या १९९४ च्या नियमांतला नियम ७ मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचला असेल. हुंड्यासारख्या कुप्रथेचा वापर करून घेणारी जाहिरात त्यात मना आहे. बाईला सोशिक, आज्ञाधारक दाखवून घरात आणि समाजात तिचं स्थान दुय्यमच आहे असं ठसवणारी जाहिरातही मना आहे. तासाला बारा मिनिटांहून जास्त जाहिराती नकोत, हेही तिथेच लिहिलेलं आहे. म्हणजे आपण अभिरुचीची तक्रार करत नाही, नियमाची करतो आहोत. तक्रार करायची तर जाहिरातींसाठी मुंबईची जाहिरात मानक परिषद आहे आणि मालिकांसाठी वाहिन्यांनी २०११ साली नेमलेली, निवृत्त न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालची तक्रार परिषद. दोन्ही व्यवस्था उद्योगानंच उभारलेल्या, त्यामुळे फार भोळ्या अपेक्षा नकोत.

जवळचा रस्ताही आहे. केंद्र सरकारच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली केबल वाहिन्यांवर लक्ष ठेवणारी समिती असायला हवी. तिच्यात स्त्रियांसाठी काम करणाऱ्या संस्थेची एक प्रतिनिधी आणि महिला महाविद्यालयाच्या प्राचार्य असाव्यात असं त्यात आहे. अमरावती आणि अकोला, दोन्ही ठिकाणी आम्ही माहिती अधिकारात विचारणार आहोत: समिती आहे का, त्या प्रतिनिधी कोण, शेवटची बैठक कधी झाली, दिवाळसणाच्या जाहिराती तिथे चर्चेला आल्या का.

कोरा तक्ता मधल्या पानावर छापला आहे. झेरॉक्स काढून घ्या. आता संक्रांत येतेय. लेकीच्या पहिल्या संक्रांतीचं वाणही पडद्यावर महाग होणार आहे. वाशीम, बुलढाणा आणि यवतमाळच्या गटांनी भरलेले तक्ते जानेवारीअखेर पाठवावेत. तक्ता भरताना सोबत बसणाऱ्या बायका जे बोलतील ते त्यांच्याच बोलीत, जसंच्या तसं लिहा.