एक पद, दोन गळे
पात्र गाणारं असेल तर त्याचा स्वभाव नुसत्या संवादांत मावत नाही. त्याला कसलं गाणं आवडतं, तेही ऐकू यावं लागतं. पुरुषोत्तम दारव्हेकरांचं १९६७चं ‘कट्यार काळजात घुसली’ हे संगीत नाटक घ्या. ‘घेई छंद’ हे एकच पद जितेंद्र अभिषेकींनी त्यातल्या दोन प्रतिस्पर्धी गायकांसाठी, पंडितजी आणि खाँसाहेबांसाठी, दोन परींनी बांधलं. पंडितजींचं संथ, सुराला गोंजारत जाणारं; खाँसाहेबांचं द्रुत, तानांनी अंगावर येणारं. शब्द तेच, माणसं दोन. खाँसाहेबांची भूमिका करणाऱ्या वसंतराव देशपांड्यांच्या तानेत त्या पात्राची ईर्ष्या आणि साचलेली उपेक्षा, दोन्ही एकदम कळतात. पण मला सर्वांत जवळचा वाटतो तो पंडितजींचा शिष्य सदाशिव. ज्या खाँसाहेबांनी आपल्या गुरूला देशोधडीला लावलं, त्यांच्याच गाण्यावर त्याचा जीव जडतो, आणि ते शिकायला तो नोकर होऊन त्यांच्याच हवेलीत राबतो.