शालेय वृक्षारोपण आणि वैद्यांचे दायित्व

पहिला पाऊस झाला की गावोगावच्या शाळांतून वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. १९५० साली तत्कालीन केंद्रीय मंत्री कन्हैयालाल मुन्शी यांनी वनमहोत्सवास राष्ट्रीय स्वरूप दिले, २००१-०२ पासून राष्ट्रीय हरित सेनेच्या रूपाने शाळांतून पर्यावरण मंडळे उभी राहिली आणि २०१९ च्या पावसाळ्यात महाराष्ट्र शासनाने ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प केला. तथापि या उपक्रमांतून विद्यार्थ्यांच्या मनात झाडाविषयी आस्था निर्माण होते काय, आणि त्यात वैद्य व औषधी व्यावसायिक म्हणून आपला काही वाटा आहे काय, याचा विचार आपल्यात फारसा झालेला दिसत नाही.

रोपे मरण्याचे एक साधे कारण शाळेच्या वेळापत्रकातच आहे. रोप लागते पावसाळ्यात. त्यास पाण्याची सर्वाधिक गरज भासते एप्रिल-मे महिन्यांत. आणि मे महिन्यात शाळेस सुटी असते. जूनच्या मध्यास विद्यार्थी परततात, तेव्हा वाळून गेलेल्या रोपाच्या खड्ड्यातच नवे रोप लावले जाते. वृक्षारोपण हा एका सकाळचा समारंभ आहे, एवढाच धडा त्यातून मुलांना मिळतो.

दुसरा प्रश्न रोपाच्या निवडीचा. अनेक शाळांच्या कुंपणालगत सरळसोट वाढणारा जो 'अशोक' दिसतो, तो वस्तुतः आसुपालव होय. त्याची पाने साधी व नागमोडी कडांची, फुले हिरवट. खऱ्या अशोकाची पाने संयुक्त, फुले केशरी-तांबडी व गुच्छांत येणारी. अशोकाच्या सालीत आसुपालवाच्या सालीची भेसळ होते, हे आपणांस ठाऊक आहे. आणि ज्या झाडाची ओळखच समाजातून पुसली गेली, त्याची भेसळ ओळखणार कोण? आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने अशोकास असुरक्षित जातींत गणले आहे. बृहत्पंचमुळांतील बिल्व, अग्निमंथ, श्योनाक, काश्मरी व पाटला यांची स्थितीही चिंता वाटावी अशीच आहे. मूळ खणले की बहुधा झाडच संपते. आपल्या काढ्यांची व आसवारिष्टांची मागणी या झाडांवर किती भार टाकते, हे आपण जाणतो. म्हणूनच हे दायित्व प्रथम आपले.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसाचा अध्याय येथे आठवतो. गंगेच्या तीरी वनातून फिरत असता पुनर्वसु आत्रेय अग्निवेशास सांगतात की, वायू, जल, देश व काल दूषित झाले म्हणजे जनपदे ओस पडतात. भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करावा. हा उपदेश शिष्यास वनात फिरताना झाला, ही गोष्ट शिक्षणाच्या दृष्टीने लक्षणीय आहे.

त्या दृष्टीने एक सूचना कराविशी वाटते. प्रत्येक वैद्याने अथवा औषधी दुकानदाराने आपल्या गावातील एका शाळेशी तीन वर्षांचे नाते जोडावे. रोपे पाचच असावीत, पण ती निवडून लावावीत. कोकणात व जेथे सावली-ओलावा आहे तेथे अशोक. कोरडवाहू भागात बेल, आवळा, कडुनिंब, शिवण. आवळा व बेल यांच्या बिया मुलांनीच पिशव्यांत रुजवाव्यात. प्रत्येक रोपाची एक वही असावी. तीत उंची, नवी पालवी, पानगळ, कीड यांची नोंद मुलांनी ठेवावी. सुटीत आपला दवाखाना व दुकान उघडेच असते. तेव्हा मे महिन्यातील पाण्याची व्यवस्था आपण पत्करावी. मात्र ओळख करून देताना, झाडाचा कोणताही भाग वैद्याच्या सल्ल्यावाचून औषध म्हणून घेऊ नये, हेही मुलांना स्पष्ट सांगावे.

पाच झाडांनी कारखान्यांची गरज भागणार नाही, असा आक्षेप कोणी घेईल. तो योग्यच आहे. त्या गरजेसाठी शेतकऱ्यांशी करार करून लागवड वाढविणे हाच मार्ग आहे. शाळेतील झाडाचे प्रयोजन निराळे. त्याच्या सावलीत वाढलेला विद्यार्थी उद्या शेतकरी, वनकर्मचारी वा वैद्य होईल, तेव्हा साल कशी व किती काढावी, हे त्यास झाडाच्या बाजूने पाहता येईल.

आपल्या शाखांनी यंदाच्या अहवालात लावलेल्या रोपांची संख्या देऊ नये. गतवर्षीच्या रोपांपैकी किती जगली, ती संख्या द्यावी. व्यवसायबंधूंनी याचा अवश्य विचार करावा, ही विनंती.