गारपिरावरून खडकीला

१८१७ सालची दिवाळी पुण्यात धड झाली नसावी. दसरा १९ ऑक्टोबरला होता. शिलंगणाला नेहमीपेक्षा जास्त फौज गोळा झाली आणि सोने लुटून झाल्यावरही ती परत गेली नाही. शहराच्या पूर्वेला गारपिरावर इंग्रजांची पलटण तळ देऊन होती, तिच्या आसपास पेशव्यांचे स्वार रोज थोडे थोडे जवळ सरकत उतरू लागले. संगमावरच्या बंगल्यात बसलेल्या इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टनने १ नोव्हेंबरला पलटण तिथून उठवली आणि खडकीच्या मोकळ्या माळावर नेऊन ठेवली. ५ नोव्हेंबरला, आश्विन वद्य एकादशीला, दिवाळी दारात असताना लढाई जुंपली. संगमावरचा बंगला जळाला. बाजीराव पर्वतीवरून लढाई पाहत होता, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले.

या हकिगतीत मला लढाईपेक्षा गारपीर ते खडकी हे चार-पाच मैल जास्त बोलके वाटतात. फौज कुठे उतरवायची, हा प्रश्न वरवर घोडे, पाणी आणि दाणावैरणीचा असतो. पण गारपिरावरची पलटण ही मुळात राजकीय गोष्ट होती. वसईच्या तहाने, म्हणजे ३१ डिसेंबर १८०२ पासून, बाजीरावाने सहा हजार पायदळ आपल्या मुलखात कायमचे ठेवून घेतले होते आणि त्याच्या खर्चापोटी २६ लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश तोडून दिला होता. स्वतःवर पहारा ठेवणाऱ्यांचा पगार स्वतःच्या खिशातून! ही तैनाती फौज शनिवारवाड्याच्या उंबऱ्यात नको, पण हाक मारली की आली पाहिजे, म्हणून मुख्य तळ पडला शिरूरला, घोडनदीच्या काठी. पुणे-नगर रस्त्यावर, दोन्हीकडे लक्ष राहील असा. १८१७ च्या ३१ डिसेंबरला रात्री कॅप्टन स्टॉन्टन जे पाचशेच्या आसपास पायदळ घेऊन निघाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोरेगावला भीमेकाठी पोचला, तो याच शिरूरहून. त्या दिवसाचे पुढे काय काय झाले ते सांगायला आणखी एक अंक लागेल. इथे एवढेच, की तळ दुसरीकडे असता तर ती लढाई कोरेगावात झाली नसती, आणि दर १ जानेवारीला लाखो माणसे जिथे जातात तो स्तंभही तिथे नसता.

महाराष्ट्रातल्या सात कटक मंडळांची नावे नकाशावर लावून पाहावीत. पुणे आणि खडकी पेशव्यांच्या उशापायथ्याशी. नगर निजामशाहीच्या जुन्या राजधानीला लागून, जिथला भुईकोट वेलस्लीने १८०३ मध्ये घेतला. औरंगाबाद निजामाच्या मुलखातले. कामठी नागपूरकर भोसल्यांवर नजर ठेवायला, सीताबर्डीच्या लढाईनंतर चार वर्षांनी, १८२१ मध्ये, कन्हान नदीच्या काठी वसवलेली. (नगर आणि औरंगाबाद या शहरांची नावे आता बदलली आहेत, छावण्यांच्या पाट्या बदलायला वेळ लागतो, हा सरकारी खात्यांचा धर्मच.) देवळाली आणि देहूरोड एवढी दोनच या ओळीत बसत नाहीत. त्यांच्या वेळेपर्यंत गादी शिल्लक नव्हती, रेल्वे मात्र आली होती.

दिवाळीत पोरे अंगणात किल्ला करतात, तेव्हा शिखरावर महाराजांच्या शेजारी एक छोटे देऊळ हटकून ठेवतात. ते नकळत बरोबर करतात. आपल्याकडे लष्करी ठाण्यात देव आत असे. शिवनेरीवर शिवाई, रायगडावर शिर्काई आणि जगदीश्वर, प्रतापगडावर भवानी. गड घ्यायचा म्हणजे गडावरची देवी घ्यायची, आणि पहारेकरी बदलला तरी पूजा बदलत नसे. कंपनीने याच्या उलट केले. जागा निवडली ती गावाच्या देवांपासून दूर, उघड्या माळावर, सरळ रेषा आखता येतील अशी. बराकींच्या रांगा, कवायतीचे मैदान, दारूगोळा एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या टोकाला, आणि बाजारासाठी वेगळी पेठ. मनाशी हिशेब असा, की शिपायांचा धर्म शिपायांपाशी, गावाचा गावापाशी, आणि मधे पडीक जमीन.

तो हिशेब पहिल्यापासून चुकला.

पुण्याचे लोक त्या वस्तीला ‘लष्कर’ म्हणू लागले, पुढे ‘कॅम्प’. पेठांतल्या सोवळ्याला कॅम्प म्हणजे मांस, दारू आणि बाटगेपणा. तिकडे जाऊन आलेल्या माणसाने अंघोळ करावी, असा भाग. पण ज्यांना पेठेत वाडा मिळत नव्हता, दुकानाला जागा मिळत नव्हती, देव आणायला मुभा नव्हती, त्यांनी हळूहळू तिथे बस्तान बसवले. १८२५ मध्ये बिशप हेबरने सेंट मेरीज चर्चचे उद्घाटन केले. पारशी आले, बोहरी आले, इराणी आले, तमिळ आणि तेलुगू मजूर आले. डेव्हिड ससून यांनी ज्यूंसाठी बांधायला घेतलेले लाल विटांचे, उंच मनोऱ्याचे प्रार्थनास्थळ १८६७ मध्ये पुरे झाले. पुणेकरांनी त्याचे नाव काय ठेवावे? लाल देऊळ. ज्या भाषेने सिनेगॉगला सहज देऊळ म्हटले तिला मी कर्मठ म्हणू धजत नाही, तिच्या शेजारची माणसे कितीही कर्मठ असोत.

आणि मधली पडीक जमीन ओलांडली गेली तेव्हा काय झाले, तेही याच शहराने पाहिले. १८९७ च्या मार्चपासून प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर पेठांतल्या घराघरांत शिरले, माजघरात, स्वयंपाकघरात, देवघरात. ऐंशी वर्षे माळावर राहिलेली छावणी थेट देव्हाऱ्यापर्यंत आली. रोग खरा होता, माणसे मरत होती आणि तपासणीची गरजही खरी होती. पण बुटांसकट देवघरात आलेला शिपाई लोकांना डॉक्टर वाटणे शक्य नव्हते. २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्याचा हीरक महोत्सव साजरा करून परतणाऱ्या प्लेग-अधिकारी रँडवर गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली. झाडणारे चिंचवडच्या कीर्तनकाराचे मुलगे होते. तो रस्ता खडकीच्या छावणीपासून फार लांब नाही.

हे सगळे जुने झाले, असे म्हणणाऱ्यांनी दोहा किंवा दम्माममध्ये नोकरी केलेल्या एखाद्या नातेवाइकाला विचारावे. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले आणि सौदी राजाच्या संमतीने अमेरिकी फौज सौदी भूमीवर उतरली. ती उतरली ते धहरान नकाशावर मक्केपासून हजाराहून जास्त किलोमीटर दूर. श्रद्धेच्या नकाशावर ते अंतर शून्य होते. हरमच्या राखणदाराच्या मुलखात परक्या धर्माची फौज कशी, हा सवाल तिथल्या धर्मपंडितांपैकी काहींनी उघड विचारला. पुढे तोच सवाल ओसामा बिन लादेनने १९९६ मध्ये युद्धाच्या घोषणेत घातला. त्याच वर्षी जूनमध्ये खोबारमधल्या निवासी इमारतीसमोर ट्रक-बॉम्ब फुटला आणि १९ अमेरिकी सैनिक ठार झाले. २००३ मध्ये अमेरिकनांनी हवाई मोहिमांचे केंद्र सौदीतून उचलून कतारच्या अल उदैदला नेले. तोही गारपिरावरून खडकीला जाण्याचाच प्रकार: लक्ष त्याच मुलखावर, फक्त पाय जरा बाजूला.

पण आपल्या छावण्यांच्या गोष्टीत मला सगळ्यांत जास्त रस आहे तो तिच्या उलट्या फळात. महिदपूरच्या लढाईनंतर जानेवारी १८१८ मध्ये होळकरांशी मंदसोरचा तह झाला आणि इंदूरच्या जवळ महूला तळ पडला. पुन्हा तेच: गादीपासून हाकेच्या अंतरावर. त्याच महूच्या छावणीत, लष्करी शाळेत मुख्याध्यापक असलेल्या सुभेदार रामजी सकपाळांच्या घरी, १४ एप्रिल १८९१ रोजी भीमराव जन्मले. आजोबा मालोजीही पलटणीतलेच. गावात महाराच्या मुलाला शाळेच्या पायरीशी बसवत, पण पलटणीत शिपायांच्या मुलांना शिकवणे भाग होते. ज्या काळात सावकारी, कुलकर्णीपण आणि पौरोहित्य अशा तिन्ही वाटा बंद होत्या, तेव्हा एक बराकीतली शाळा उघडी होती. रामजी निवृत्त होऊन दापोलीला आले. तिला आजही लोक ‘कॅम्प दापोली’ म्हणतात आणि महार पेन्शनरांची तिथे वस्तीच होती. त्याच दापोलीत गोपाळबाबा वलंगकरांनी अस्पृश्यतेविरुद्ध पहिले अर्ज-विनंत्यांचे काम उभे केले. कामठीकडे पाहिले तर बाबू हरदास तिथलेच. ‘जय भीम’ हा नमस्कार रूढ करण्याचे श्रेय त्यांना दिले जाते, आणि तो शब्द जन्मला तो भोसल्यांवर पाळत ठेवायला वसवलेल्या छावणीच्या गावात.

यावरून इंग्रजांचे आभार मानायला निघावे, असे मला म्हणायचे नाही. महारांच्या पलटणी मोडीत काढून १८९० च्या दशकात त्यांची भरती थांबवणारेही इंग्रजच होते, लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती असे खूळ डोक्यात घेऊन. महार रेजिमेंट उभी राहिली ती ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला, दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडू लागल्यावर. छावणीने दार उघडले ते गरजेपुरते, आणि गरज सरल्यावर लावूनही घेतले. पण तेवढ्या काळात आत शिरलेल्या माणसांनी अक्षर उचलले, पेन्शन उचलली, अर्ज लिहायची रीत उचलली. त्याचा हिशेब इंग्रजांच्या कोणत्याही खतावणीत नव्हता.

या सगळ्या नकाशात मला एकच ठिकाण पुन्हा पुन्हा बोलावते, ते देहूरोड. एका बाजूला दारूगोळ्याचे डेपो, काटेरी तार, पहाऱ्याचे मनोरे. पाच-सहा किलोमीटरवर इंद्रायणीकाठी तुकोबांचे देहू. आषाढी वारीला पालखी देहूतून निघते आणि पहिला विसावा घेते तो अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी. आणि याच देहूरोडला, लष्करी डेपोत काम करणाऱ्या कामगारांच्या वस्तीत, २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. धर्मांतराला तेव्हा जवळजवळ दोन वर्षे अवकाश होता. नागपूरचा तो दिवसही पुढे दसऱ्याचाच निघाला. देहूरोडच्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा ही मूळची बुद्धमूर्ती असल्याचे आपले मत मांडले. ते मत पटो न पटो, पण ते मांडायला त्यांना तुकोबांच्या गावाच्या वेशीजवळची आणि तरीही देहूच्या गावकीबाहेरची जागा मिळाली. ती जागा लष्कराने स्वतःच्या कामासाठी घेतलेली होती. विठ्ठल, पीर, बुद्ध आणि बॉम्ब यांना एवढ्या थोड्या जमिनीत एकत्र नांदवणारे दुसरे ठिकाण मला माहीत नाही.

तिथल्या राजकारणात मात्र यांतला एकही देव येत नाही. तिथला परवलीचा शब्द आहे ‘रेड झोन’. डेपोपासून ठरावीक अंतरात बांधकामाला मनाई, आणि त्या रेषेत आलेली निगडी-तळवडे भागातली घरे कागदावर अडकलेली. निवडणूक कोणतीही असो, रेड झोनची हद्द कमी करून आणण्याचे आश्वासन ठरलेले. गादीवर नजर ठेवायला आलेली छावणी आता लोकांच्या सातबाऱ्यावर बसून आहे.

कटक मंडळे मोडीत काढण्याचेही दिल्लीत ठरते आहे. नागरी वस्ती शेजारच्या पालिकेत घालायची आणि लष्कराची जागा लष्कराकडे ठेवायची. एप्रिल २०२३ मध्ये हिमाचलातले योल या वाटेने पहिले गेले. पुणे कॅम्पचा रहिवासी दोन्ही बाजूंनी बोलतो: पालिकेत गेलो तर पाणी, रस्ते सुधारतील, पण बंगल्याच्या कंपाउंडातली ती जुनी चिंच राहील का? मला चिंचेची काळजी जास्त वाटते. ती व्यवहाराला धरून नाही, हे मान्य.

यंदाच्या अंकाची जुळवाजुळव करताना शिरूरबद्दल जुन्या गॅझेटियरातली एक नोंद वाचनात आली. तैनाती फौजेचा तो तळ कधीच उठला. बराकी गेल्या, कवायतीचे मैदान गेले. राहिली ती १८०९ साली तिथे वारलेल्या कर्नल वॉलेसची कबर. आसपासच्या गावच्या लोकांनी त्याला ‘सत्पुरुष’ ठरवले होते. ज्याला पेशव्यावर पाळत ठेवायला पाठवले होते, त्याच्या थडग्यापुढे सुगीला शेतकरी नव्या धान्याचा नैवेद्य ठेवून जात.