जत्रेतलं पाल आणि आपलं दुकान

मंडळी, आजचा विषय धंद्याचा आहे. शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईला धंद्यातलं काय कळतं, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण लिहिण्यातलं थोडंफार कळतं, आणि प्रश्न लिहिण्याचाच आहे.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा कोल्हापुरी चपलांचा पिढीजात धंदा आहे. शाळेत निबंधात हुशार. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कसं कमावतात, कापशी चप्पल कशी ओळखावी, पावसाळ्यात ती का जपावी, असं तो फोनवरच्या एका ॲपवर चार वर्षं लिहीत होता. वाचून परगावची गिऱ्हाइकं यायची. एके दिवशी खातं बंद! कारण कळेना, दाद मागायला माणूस सापडेना. गिऱ्हाईक तुटलं ते तुटलंच, पण लिहिलेलंही गेलं. मला विचारत होता, "बाई, आता दुसऱ्या कुठल्या ॲपवर लिहू?"

माझं मत असं, की कुठल्याही ॲपवर लिही, पण आधी स्वतःच्या जागेवर लिही.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर व्यापारी पाल ठोकून बसतात. गर्दी तिथंच असते, म्हणून बसायलाच हवं. पण म्हणून कुणी गावातलं दुकान विकत नाही. जत्रा उठली की पालही उठतं. जिओसिटीज २००९ साली उठली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. जून २०२० मध्ये सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, आणि आपला देशी 'कू' २०२४ मध्ये गुंडाळला गेला. प्रत्येकाचं कारण वेगळं, पण पाल ठोकणाऱ्याला कुणी विचारलं नाही.

हा विचार नवा नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीत नांगर बनवणाऱ्या कारखान्याने १९२० साली स्वतःचं मासिक काढलं, 'किर्लोस्कर खबर'. शंकरराव किर्लोस्करांनी ते सुरू केलं कारखान्यासाठी, पण पुढे त्याचं घरोघरी वाचलं जाणारं 'किर्लोस्कर' झालं. १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' ही भावंडंही आली. नांगर न घेणारी माणसंसुद्धा त्या नावावर विश्वास ठेवू लागली. हे दुसऱ्याच्या मासिकातल्या एका कोपऱ्यातून झालं असतं का?

कुणी म्हणेल, स्वतःच्या संकेतस्थळावर चिटपाखरू फिरकत नाही. सुरुवातीला नाहीच फिरकत. म्हणून तर पाल हवं. सगळा लेख आपल्या जागेवर ठेवावा, आणि ॲपवर त्यातल्या चार ओळी टाकून खाली पत्ता द्यावा. आमंत्रण बाहेर, पंगत घरी.

आता ही जागाही सातबाऱ्यासारखी मालकीची नसते बरं का. नावाचे पैसे मुदतीत भरावे लागतात, आणि ते चुकले तर नाव दुसरा कुणी घेऊ शकतो. पण संकेतस्थळ ठेवणारी कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, हा मोठा फरक आहे. फक्त ते नाव साइट बनवून देणाऱ्या पोराच्या खात्यावर नको, स्वतःच्या खात्यावर हवं. आणि प्रत्येक लेखाची एक प्रत आपल्या घरच्या संगणकात हवीच.

एवढा आग्रह कशासाठी? जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. आपल्याकडे ओरड झाल्यावर भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं. भौगोलिक मानांकन २०१९ पासून होतं, म्हणून बोलायला आधार तरी होता. पण मानांकन चार ओळींत मावतं. हातातलं कसब सांगायला लिहिणारा कारागीरच लागतो. त्याचं लिहिलेलं एका बटणासरशी पुसलं गेलं, तर उद्या चपलेची गोष्ट दुसराच कुणी सांगेल, आणि आपण ऐकत बसू.

त्याला मी सांगितलंय, आठवेल तसं पुन्हा लिहायला घे. आधी कापशीपासून. शुद्धलेखन मी तपासून देईन.